उभं राहण्याचं दृश्य

...टाचेपाशी झिजलेल्या. नायिकेच्या पायांतल्या त्या चपला कपडेपटवाल्याने मुद्दाम घासून आणल्या असणार, गरिबी दिसावी म्हणून. पण लहानपणापासून व्हीलचेअरमध्ये बसलेल्या मुलीच्या चपला झिजतील कशा, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती स्वतः व्हीलचेअरमध्येच वाढलेली; तिच्या चपलांचे पट्टे कुजून तुटत, तळ मात्र दुकानातल्यासारखे कोरे. सांगावं का? अपंगाचं जगणं नायिकेला शिकवायलाच तर तिला बोलावलं होतं. पण पलंगावर सरकताना पाय आपोआप मागून येत नाहीत, हातांनी उचलून ठेवावे लागतात, असं ती सकाळी म्हणाली, तेव्हा दिग्दर्शक गोड हसला होता. तसं दाखवलं तर म्हणे दृश्याची लय मोडते. मोडू दे की मेल्या, माझी रोज मोडते...

पटकथेतली मुलगी कुणावर चिडत नव्हती, तिला कधी संडासला जावं लागत नव्हतं. श्रद्धा तेवढी कमी होती, ती भरली की उठून उभी. दुखणं मणक्याला आणि इलाज भक्तीचा — रोग रेड्याला, डाग पखालीला. असल्या थोतांडात ती आली होती ती फक्त आईसाठी. चमत्कार कसे दिवे लावून, पुन्हा पुन्हा करून बनवतात, हे आईने एकदा डोळ्यांनी बघावं आणि लेकीला प्रार्थनेपासून प्रार्थनेपर्यंत ढकलत नेणं थांबवावं, एवढाच तिचा डाव.

पण दिग्दर्शकाला आईचा चेहरा ‘अगदी खरा’ वाटला आणि त्याने तिला भाविकांच्या पहिल्या रांगेत उभं केलं. आई लाजली, खूश झाली.

दिवे लागले. नायिका थरथरत उठली... काय तो थरकाप, थंडी वाजल्यासारखा! लेकीला हसू फुटणार, तोच दिग्दर्शक ‘कट’ म्हणून ओरडला. आई नायिकेकडे बघतच नव्हती. हात जोडून ती कॅमेऱ्यामागे बघत होती, लेकीच्या पायांकडे. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटी दिग्दर्शक अजिजीने लेकीपाशी आला. “ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का? तुमच्यामुळे मावशींचं लक्ष जातंय.”

छान. चमत्कारात अपंगाची अडचण!

तिला बाहेर न्यायला आईच आली. व्हॅनिटी व्हॅनच्या सावलीत तिने ब्रेक लावला आणि हळूच म्हणाली, “तू देवाकडे कधी मागितलंच नाहीस गं. मी एकटीच मागत राहिले.”

  आई पदराने डोळे पुसत आत गेली — तिच्याशिवाय दृश्य अडलं होतं.

खरंच की. मागितलं नव्हतं, एकदाही नाही. खोटं वाटतं म्हणून... हेच सांगत आले इतकी वर्षं. पण मागितलं असतं आणि मिळालं नसतं, तर मीही आईसारखीच हात जोडून पहिल्या रांगेत उभी असते — उभी कसली, बसलेली — आणि मग हसायला कुणाला हसले असते?

आतून टाळ्या ऐकू आल्या. यावेळी जमलं असावं.