पुलावरचा हत्ती

"कुणाला खरं वाटणार न्हाई, मॅडम, पण या पुलावरून पहिल्यांदा गेला तो माझ्या आज्याचा एडका. निजामाचा हत्ती त्याच्या मागून!"

म्हस्कूनं काठीवर हनुवटी टेकली. आवाजात पहिला जोर नव्हता. पाहणीला येईल त्याला तो अशीच गोष्ट सांगायचा. आधीच्या साहेबाला सांगताना हत्तीच्या जागी नुसता घोडा होता; साहेब गेला तो गेलाच. आता हत्तीही चालला नाही तर पुढं काय आणावं, सुचत नव्हतं.

शेजारच्या नव्या पुलावरून जाफराबादकडं ट्रक असे सुटायचे, की कळप घालायची सोय नव्हती. उन्हाळ्यात दोन गाभण मेंढ्या तिथंच चिरडल्या. जुना दगडी पूल मात्र पाडायचं घाटत होतं. पर्यटनवाल्यांनी शब्द टाकला तरच वाचणार, म्हणून सरपंच बिभीषणनं पायल मॅडमना आणलं होतं.

"हत्ती अडला. माहूत थकला. मंग एडक्यानं असा पाय आपटला, की दगडात उमटला. हे बघा!"

पुलाच्या तोंडाशी दगडात परातीएवढा गुळगुळीत खळगा होता.

"एवढा मोठा पाय?"

"तवाची मेंढरंच तशी होती," बिभीषणनं रेटलं.

मॅडमनी दमून कॅमेरा पिशवीत टाकला. "अशी पावलं गावोगाव आहेत, बाबा. पाटी लावली तर लोक हसतील."

तेवढ्यात म्हस्कूची बायको साखराबाई कळप घेऊन आली. म्हस्कूनं डोळ्यांनी खुणावलं, पण उन्हानं शिणलेल्या बाईचं लक्ष कुठं? तिनं रोजच्यासारखं ओच्यातलं मीठ खळग्यात टाकलं. मेंढरं मॅडमना ढकलत तुटून पडली.

"आजी, एडक्याच्या पायात मीठ?"

"कोण्या मेल्याचा पाय? माझ्या सासूच्या सासूपासून इथंच मीठ टाकून राह्यलो आम्ही. चाटून चाटून झिजलाय दगड."

म्हस्कूनं मान खाली घातली. गेला पूल.

मॅडम मात्र खाली बसल्या. मेंढरांच्या जिभा बघत राहिल्या. मग कॅमेरा पुन्हा बाहेर आला.

"हे बघायला येतील लोक. पूल राखा, मेंढरांची वाटही राखा, असं कळवते मी. पुढं वरचे काय करतात, बघू."

म्हस्कू मटकन कठड्यावर टेकला. जरा दम खाल्ला, आणि जीभ वळवळलीच.

"जिभेचं म्हणाल मॅडम, तर कुणाला खरं वाटणार न्हाई, पण आज्याच्या एडक्याची जीभ पार नदीच्या पाण्याला—"

"पुन्हा खोटं!" साखराबाई ओरडली.