थंड पान

प्रताप नगरात पार्वतीबाईंच्या फाटकाशी उन्हाळाभर पाण्याचा रांजण असायचा. आल्यागेल्याला पाणी पाजल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. मौद्याकडच्या गावात त्यांची आई विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. ती गोष्ट पार्वतीबाई कधी सांगत नसत, रांजण मात्र भरत.

आणि नशीब बघा, सूनबाईचं संशोधन काय, तर रोपांना तहानलेलं ठेवायचं. प्रीतीने गच्चीवर जाळीखाली मोहाच्या रोपांच्या दोन रांगा लावल्या होत्या. एकीला रोज पाणी, दुसरीला ठरलेले काही दिवस थेंब नाही. तहानलेलं रोप पानांवरची बारीक तोंडं मिटून घेतं आणि असलेलं पाणी जपतं, हे तिने सासूला नीट समजावलंही होतं. पार्वतीबाईंनी मान डोलावली. पण कोपऱ्यातलं सगळ्यात लहान रोप मान टाकून उभं दिसलं आणि त्यांचा जीव कासावीस झाला. प्रीती कॉलेजात गेली की त्या गडवाभर पाणी घेऊन वर जायला लागल्या. एकच तर रोप, कोणाला काय कळतंय?

कळलं की. एका भर दुपारी प्रीती पानापानाला बोट लावत आली आणि कोपऱ्याशी थांबली.

"आई, बाकी सारी पानं तापली आहेत. हेच थंड काहून आहे?"

तोंडं मिटलेल्या पानाला घाम येत नाही, म्हणून ते तापतं. पाणी प्यायलेलं गार राहतं. रोपानेच चुगली केली होती. पोरीची वर्षाची मेहनत आपण मातीत घातली, या विचाराने पार्वतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळं कबूल केलं. आईची, विहिरीची गोष्टही पहिल्यांदाच सांगितली.

प्रीतीने ते रोप उचलून रांगेबाहेर, त्यांच्या पायाशी ठेवलं. सासूला ओळखून तिने जास्तीची रोपं लावलीच होती.

"हे तुमचं. बाकीची मेली नाहीत आई, वाट पाहून राहिली. सोमवारी त्यायले पाणी द्यायचं आहे. तुमीच द्या."

सोमवारी पार्वतीबाईंनी प्रत्येक रोपाला खाली वाकून, अगदी बुडाशी पाणी पाजलं. मग त्यांना चैन पडेना. दोनेक दिवसांनी भर उन्हात त्या वर गेल्या आणि भीतभीत एकेका पानाला बोट लावत शेवटपर्यंत आल्या.

सगळी थंड होती. त्या तिथेच गरम गच्चीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. मग खाली येऊन त्यांनी रांजण भरायला घेतला.