मानपत्राचे दुसरे पान

भास्करराव मुळ्यांनी बोरू शाईत बुडवला, दौतीच्या काठावर निथळवला आणि 'सेवामूर्ती' या शब्दावर असा काही डौलदार रफार ओढला की समोर बसलेल्या काशीबाईंनीसुद्धा मान वाकडी करून पाहिले.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणाबद्दल चाललंय?"

"तुमच्याबद्दलच."

"अगोबाई."

काशीबाई धर्मार्थ दवाखान्यातल्या नर्स. अकरा वर्षांत रत्नागिरीतली निम्मी बाळे त्यांच्या हातांत पहिल्यांदा रडली होती. दवाखान्याच्या समितीने मागच्या बैठकीत त्यांचा पगाराबाबतचा अर्ज सलग तिसऱ्या वर्षी नामंजूर केला आणि लगेच पुढच्या कलमाने त्यांना मानपत्र देण्याचे एकमताने ठरवले. रविवारी समारंभ, कलेक्टरसाहेब अध्यक्ष. बाई विधवा असल्यामुळे खणानारळाने ओटी कोणी भरायची हा प्रश्नही परस्पर मिटला होता, आणि त्याबद्दल एका सभासदांनी बैठकीत समाधान व्यक्त केले होते.

भास्करराव समितीचे चिटणीस. आलेल्या प्रत्येक कागदाचा एका ओळीत गोषवारा करायचा, ही त्यांची तेवीस वर्षांची कामगिरी. सभासद गोषवारा ऐकत, भास्कररावांच्या अक्षराची तारीफ करीत आणि चहाकडे वळत. मूळ कागद उलटून पाहिल्याची नोंद दप्तरात नव्हती.

"पहिलं पान झालं," भास्करराव म्हणाले. "दुसऱ्या पानासाठी चार गोष्टी सांगा. तुमचं काम, तुमचे अनुभव..."

काशीबाई उठल्या. बाहेर दवाखान्याच्या पडवीत चिमा आया उकळलेली फडकी पिळून दोरीवर घालत होती. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिले.

"अर्जात लिहिलंय की सगळं. वाचलंत ना?"

"वाचलं तर," भास्करराव म्हणाले.

"मग झालं," म्हणून त्या गेल्या.

भास्कररावांनी मग दप्तर सोडले. अर्ज सापडायला वेळ लागला नाही. वर त्यांच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी टाचलेली होती: 'नर्सबाई पगारवाढ मागतात. शिफारस: शिल्लक पाहता नामंजूर करावा.' चिठ्ठीखाली पहिले पान. त्यावर नमस्कार, विनंती आणि दवाखान्याचे हाल. भास्कररावांनी आयुष्यात पहिल्यांदा एका अर्जाचे पान उलटले.

'माझा पगार आहे तोच असू द्यावा,' काशीबाईंनी लिहिले होते. 'मागणे चिमाबद्दल आहे. तिला समिती हंगामी समजते व पावसाळ्याचे चार महिने पगार देत नाही. कारण असे सांगतात की, खाडीवरच्या होड्या बंद झाल्या की रोगी येत नाहीत. रोगी येतात. चिमाही येते. मिरकरवाड्याहून चिखल तुडवीत रोज येते. माझ्या हाती सुई नि थर्मामीटर असतो म्हणून लोक मला बाई म्हणतात. रोग्याला कुशीवर वळवणे, त्याचे सगळे काढणे, धुणे, हे ती करते.

'गेल्या आषाढ-श्रावणात रा. भास्करराव मुळ्ये यांच्या पत्नी अंथरुणाला खिळल्या असता चिमा अडतीस दिवस दोन्ही वेळा त्यांच्या घरी जात होती. त्या दिवसांचा आपल्याला पगार नाही हे तिने त्या घरी कळू दिले नाही. मलाही बोलू दिले नाही. आता इलाज नाही म्हणून लिहिते.'

भास्कररावांनी पान खाली ठेवले. ठेवताना ते टेबलाच्या कडेशी अगदी समांतर ठेवले, मग पुन्हा थोडे सरळ केले.

त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंची पाठ शेवटपर्यंत कोरी राहिली होती, अंथरुणाची एक जखम नाही. डॉक्टरांनीही नवल केले होते. चिमा त्यांना वळवताना म्हणे, "वहिनीनू, आता समिंदराकडं तोंड करा बगू," आणि बोलायचे बळ नसलेल्या दमयंतीबाई हसत. दमयंतीबाई गेल्यावर चौदाव्या दिवशी भास्कररावांनी चिमाला बायकोचे एक जुने अंजिरी लुगडे दिले होते. 'तू म्हणजे देवमाणूस गं,' असेही म्हणाले होते. पगार खजिनदार वाटत; कोणाला किती महिने, हे विचारावे असे चिटणिसाला कधी वाटले नव्हते.

पडवीत चिमा शेवटचे फडके झटकत होती. भास्कररावांनी डोळे वर केले नाहीत.

शनिवारी सकाळी ते अर्ज आणि मानपत्र घेऊन राजाभाऊंच्या बागेत गेले. राजाभाऊ समितीचे कार्याध्यक्ष, चारशे कलमांचे मालक. अंगणात गवत पसरून आंब्याच्या पेट्या भरणे चालले होते.

"या चिटणीस! गोषवारा सांगा, बोट गाठायची आहे."

"चिमाला पावसाळ्याचाही पगार द्यावा, असं नर्सबाईंचं म्हणणं आहे. मी आधी नीट वाचलं नव्हतं."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

राजाभाऊ मनापासून हसले. "अहो, नामंजूर करावा हे तुम्हीच लिहिलंत, आम्ही फक्त मान डोलावली. आता माझ्याकडे काय येता? आणि भास्करराव, आज चिमा, उद्या झाडूवाला. शिल्लक म्हणून काही असते की नाही?"

"मानपत्राच्या करंडकाला चांदी लागली, तेव्हा होती."

राजाभाऊंनी हातातला आंबा गवतात ठेवला. "चांदी मी पदरची घातली. माझं नाव कोरलंय तिच्यावर. अर्ज पुढच्या साली आणा, मी स्वतः बघतो. मानपत्र कुठाय?"

भास्कररावांनी पहिले पान दिले. राजाभाऊंनी वरच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या, "वा," म्हणाले, आणि दुसरे पान मागितले.

"ते अजून कोरंच आहे."

"मग आत्ताच सही घ्या. उद्या साहेबांच्या आधी पोचेन की नाही सांगवत नाही." पेटीच्या फळीवर कागद टेकवून त्यांनी कोऱ्या पानाच्या तळाशी लफ्फेदार सही ठोकली. "वर काय ते तुम्ही घाला. तुमचं अक्षर म्हणजे डोळे मिटून."

भास्करराव छत्री उघडायला विसरून उन्हातून घरी आले. तेवीस वर्षांत एक खाडाखोड नाही, एक जादा शब्द नाही. पुढच्या वर्षी सेवा पुरी होऊन निरोपाची शाल मिळायची होती. दुपारभर ते त्या सहीसमोर बसून राहिले. मग बोरू तासला.

रविवारी शाळेचे सभागृह भरले. कलेक्टरसाहेब मधल्या खुर्चीत होते. त्यांना मराठी येत नसे. वाचणारा थांबला की टाळ्या वाजवायच्या, एवढे येत होते, आणि तेवढ्यावर त्यांनी जिल्ह्यात चांगला लौकिक मिळवला होता. काशीबाई पांढऱ्या लुगड्यात ताठ बसल्या होत्या. चिमा आत आली नव्हती. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. अंगावर अंजिरी लुगडे.

राजाभाऊ खड्या आवाजात वाचू लागले. सेवामूर्ती, त्यागमूर्ती, करुणामूर्ती. पहिले पान संपले. त्यांनी ते खाली सरकवले.

भास्कररावांनी मांडीवरचे हात एकात एक गुंतवले.

"...'परंतु ज्या हातांनी हे रोगी उचलले, वळवले व धुतले, त्या हातांना आम्ही वर्षातले चार महिने विसरत आलो, याची ही समिती कबुली देते. तरी येत्या आषाढापासून श्रीमती चिमाबाई, राहणार मिरकरवाडा, यांस बाराही महिन्यांचा पगार...'"

राजाभाऊ थांबले.

पंख्याची दोरी ओढणाऱ्याचेही हात थांबले. राजाभाऊंची नजर पानाच्या तळाशी गेली. तिथे त्यांचीच सही होती. मग ती नजर वर आली आणि तिसऱ्या रांगेत भास्कररावांवर टेकली. भास्कररावांनी ती चुकवली नाही.

वाचणारा थांबलेला पाहून साहेबांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून मामलेदारांनी, मामलेदारांनी वाजवल्या म्हणून समितीने, आणि मग साऱ्या सभागृहाने. मागच्या बाकांवरच्या बायकांनी मात्र कोणाची वाट पाहिली नव्हती.

"...'देण्याचे जाहीर करण्यात येत आहे,'" टाळ्या ओसरल्यावर राजाभाऊंनी वाचले. आवाज आता साधा होता.

समारंभ आटोपला. राजाभाऊ जाता जाता भास्कररावांजवळ क्षणभर रेंगाळले.

"उद्या दप्तराच्या किल्ल्या पाठवून द्या."

"आणल्यात," भास्करराव म्हणाले आणि खिशातून काढून दिल्या.

बाहेर पायरीवर काशीबाईंनी चांदीचा करंडक काखोटीला मारला होता, बाजारातून नारळ आणावा तसा. त्यातले मानपत्र काढून त्यांनी चिमाच्या हातात दिले. चिमाने ते उलटसुलट पाहिले, मग जवळ आलेल्या भास्कररावांकडे धरले.

"ह्यात माजा नाव कुटं हाय, भावजी?"

भास्कररावांनी चष्मा चढवला. पहिले पान उचलून मागे टाकले, आणि दुसरे तिच्यापुढे धरून तिच्या नावावर बोट ठेवले.