तीन धन्यांचा डगला

मित्रांनो, एका डगल्याला तीन धनी असलेले तुम्ही कधी पाहिले आहेत का? नसतील, तर माझे नीट ऐका. मी स्वाबिया नावाच्या मुलखाच्या पलटणीतला एक जुना निळा डगला आहे. माझी हकीकत ऐकून कोणी म्हणेल की म्हातारा थापा मारतो. म्हणू द्या. थोड्या मारतोही, पण तीन धन्यांची गोष्ट त्यात धरू नका.

आमच्या मुलखात प्रत्येक जहागिरीने आपल्या ऐपतीप्रमाणे पलटणीला माणसे द्यायची, असा नियम होता. मोठ्या शहराने कप्तान आणि चाळीस शिपाई द्यावेत, कोणी पाच द्यावेत, तर एका गावाने नुसता ढोल द्यावा. तो वाजवणारा दुसऱ्या गावाचा! सर्वांत धाकटे होते तिघे. मारिएनब्रुनचा जोगिणींचा मठ, होहेनशूलचे उमराव आणि क्लाइनाखची नगरसभा. त्यांच्या वाट्याला आला एकेक तृतीयांश शिपाई. मग तिघांनी मिळून एक अख्खा माणूस दिला. त्याचे नाव वेंडेलिन.

मीही तसाच जन्मलो. माझे अंग मठाने विणले, बाह्या उमरावांनी पाठवल्या, आणि लाल कफ, अस्तर व बटणे नगरसभेने. तीन ठिकाणचे कापड, तीन ठिकाणचा रंग. शिंप्याने मला जोडले तेव्हा माझा निळा माझ्याच निळ्याला ओळखत नव्हता. मला लहानपणापासून एकच कुतूहल होते. मी नक्की कोणाचा?

वेंडेलिन उंच होता, म्हणून आम्ही पहिल्या रांगेत उभे राहायचो. केसांना पीठ, मानेवर घट्ट वेणी, मिशांना बुटांना लावायचे काळे. फार रुबाबदार दिसायचो, मित्रांनो! पलटणीचे कपडे धुणारी वाल्बुर्गा मला दोरीवर घालताना उगाच दोनदा झटकायची. मला वाटे, माझ्यासाठी. पण तिची नजर असायची वेंडेलिनवर.

दोघांना लग्न करायचे होते. शिपायाला मात्र धन्याच्या परवानगीचा कागद लागे. कप्तान एगिंगर म्हणाले, "तुझे धनी तीन, तेव्हा सह्याही तीन आण बाबा."

वेंडेलिन मला अंगात घालून तिन्ही ठिकाणी फिरला. मठाच्या मातोश्री म्हणाल्या, "आमच्या हिश्श्याची हरकत नाही रे लेकरा, पण आधी उमरावांना विचार." उमराव म्हणाले, "आमचा हिस्सा अजून विचार करतो आहे." नगरसभेत दिवसभर खल झाला. शेवटी एका पिकल्या दाढीच्या सभासदाने विचारले, "लग्न होईल ते ठीक, पण आपला हिस्सा म्हणजे याचा कुठला भाग?" सभा उठली ती उत्तराविनाच.

अशी सहा वर्षे गेली. एके दिवशी वाल्बुर्गाने मला पिळता पिळता त्याला सांगून टाकले, "हे बघ वेंडेलिन, पलीकडचा गिरणीवाला मला मागतोय. सेंट मायकेलच्या सणापर्यंत कागद आला नाही, तर मी त्याला हो म्हणते. मला एक अख्खा नवरा हवाय, तुकड्या-तुकड्यांचा नको."

सणाला आठ दिवस उरले आणि पलटणीची तपासणी निघाली. त्याआधी तीन दिवस छावणीवर असा पाऊस पडला की ढोलात मासे पोहत होते. एक तर मी स्वतः पाहिला. त्या पावसात माझे तिन्ही धनी उघडे पडले. मठाचे कापड आटून बरगड्यांपर्यंत वर आले. उमरावांच्या बाह्या सैल होऊन बोटांखाली लोंबू लागल्या. नगरसभेच्या कफांचा रंग सुटला आणि वेंडेलिनचे हात खाटकासारखे लाल झाले.

बंदूक भरण्याचा हुकूम झाला. त्या लोंबत्या बाह्यांत वेंडेलिनला आपले हातच दिसेनात. दारू ठासायचा लोखंडी गज नळीतच राहिला. बार उडाला आणि तो गज तपासनीस सरदारांच्या टोपीचे पीस घेऊन थेट पलीकडच्या सलगमच्या शेतात गेला.

"हा शिपाई कोणाचा?" सरदार गरजले.

तिन्ही धन्यांचे कारभारी तिथेच उभे होते. मठाचा म्हणाला, "अंग आमचं आहे, महाराज, पण चूक बाह्यांची झाली."

"बाह्यांचं काय बिघडलं?" उमरावांचा उसळला. "हात दिसत नव्हते ते कफांमुळे!"

"कफ निमूट होते हो," नगरसभेचा म्हणाला. "आणि हा माणूस तर मुळात मठाच्या बाजूचा."

"आमचा कसला? उमरावांचाच!"

"छे, आमचा नव्हेच!"

"आमचा तर कधीच नव्हता!"

वेंडेलिन खाली मान घालून उभा. तेवढ्यात धोबिणींच्या घोळक्यातून वाल्बुर्गा झग्याला हात पुसत पुढे आली.

"सरकार, हे तिघं आत्ता बोलले ते कागदावर लिहून द्या की! हा कोणाचाच नाही म्हणून."

सरदार इतके चिडले होते की त्यांनी ढोलावर कागद ठेवून लगेच लिहिले. 'वेंडेलिन हा कोणत्याही धन्याचा शिपाई नाही. त्याला डगल्यासह पलटणीतून काढून टाकण्यात यावे.' खाली मोठी सही.

कप्तान एगिंगरांनी कागद वाचला आणि मिशीत हसले. "धनीच नाही, तर परवानगी कोणाची मागायची? पळा दोघे पाद्र्याकडे!"

सणाच्या आधीच लग्न झाले. वाल्बुर्गाने माझे टाके उसवले, आटलेले अंग सोडवले, लोंबत्या बाह्या कापल्या आणि एकाच दोऱ्याने मला पुन्हा शिवून बंडी केली. त्या बंडीत वेंडेलिनने तीस हिवाळे काढले. मी कोणाचा, हा प्रश्न मला पुन्हा पडला नाही.

आता ती दोघे नाहीत. मी पेटीच्या तळाशी आहे आणि कसर मला रोज थोडे थोडे खाते. मित्रांनो, तुमच्या गावातही सगळ्यांची म्हणून एखादी वस्तू असेल. एखादे बाक असेल, एखादी विहीर असेल. तिचा टाका उसवलेला दिसला, तर आपला हिस्सा कुठला ते विचारत बसू नका. सरळ सुई-दोरा घ्या. आणि जाता जाता कोणीतरी ही पेटी उघडून मला घटकाभर ऊन दाखवा.