पुढच्याला होतील

आमचं शेत फिनलंडचं शेवटचं. कुंपणापलीकडे जंगल, मग सोव्हिएत रशिया; लढाईनंतर माझं माहेरही तिकडेच गेलं. त्या सकाळी जंगलातून एक माणूस आला, चिखलाने माखलेला. "स्वीडन," एवढंच म्हणाला; पळून आलेल्यांना तिथे थारा मिळायचा. दारी आलेल्याला उपाशी ठेवायची आमच्यात रीत नाही. मी सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवला, लोकरी मोजे दिले, कॉफी-पाव पुढ्यात ठेवला.

तो खात असतानाच नवऱ्याने, तानेलीने, सरहद्दीवरच्या आपल्या चौकीला फोन लावला. "एक पळून आलाय. घेऊन जा."

"पलीकडे परत देतील त्याला," मी कुजबुजले. "तो आपलं अन्न खातोय रे."

"सरकारने शब्द दिलाय त्यांना. एवढ्या थोरल्या शेजाऱ्याशी वाकडं घेऊन जगायचं कसं? आणि कुजबुजतेस कशाला? त्याला कुठे आपली भाषा कळतेय."

मला चीड आली, आणि मी काय केलं? त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. त्याने ती सावकाश संपवली.

जीप आली. त्याने मोजे काढले, नीट घडी घालून बाकावर ठेवले आणि अगदी माझ्या माहेरच्या बोलीत म्हणाला, "कॉफी छान होती, ताई. मोजे राहू द्या. पुढच्याला होतील."