पाल हलवू नका

कॉलेजातून निवृत्त झाल्या तरी सरडेबाईंचं जंगल सुटलं नाही. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. त्या उन्हाळ्यात त्यांनी एका आडव्या पडलेल्या खोडाला लागूनच तंबू ठोकला होता, कारण त्याच्या सालीखाली रानपालींनी अंडी चिकटवली होती. उभा जन्म शोधूनही ह्या जातीची अंडी पूर्वी कधी दिसली नव्हती. सोबतीला धाकटी नणंद. तिला पालींची शिसारी, पण वहिनीला एकटं सोडवेना.

एके सकाळी बाई वनखात्याच्या कचेरीत गेल्या आणि तिथे कळलं, पडलेली झाडं उचलायला माणसं निघालीसुद्धा. मोबाइल यायच्या आधीचे दिवस. बाईंनी जंगलाच्या नाक्यावर फोन लावून नणंदेला बोलावून घेतलं. खरखर इतकी, की घसा ताणून ओरडावं लागलं, "त्यांना सांग, पाल हलवू नका!"

"कळलं, कळलं!" नणंद म्हणाली.

बाई धापा टाकत परतल्या तर खोड गायब. तंबू मात्र ताठ उभा; दोऱ्याही नव्याने आवळलेल्या.

"कुणाला हात लावू दिला नाही," नणंद फुशारकीने म्हणाली. "तंबूचं पाल उतरवा म्हणत होते, खोड ओढायला आड येतंय म्हणून. मी आतच ठाण मांडून बसले. शेवटी बिचाऱ्यांनी पलीकडून ओढलं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, ते पाल नव्हे! ती पाल!"

"मग नीट सांगायचं. अंडी म्हणायचं होतं."

"अंडी म्हटलं असतं तर उकडून ठेवली असतीस!"

रस्त्याकडेला ओढून आणलेल्या खोडापाशी मुकादम करवतीला धार लावत होता. बाई सरळ खोडावर जाऊन बसल्या.

"बाई, पालीच हव्यात तर माझ्या घरी चला. भिंतीभर आहेत."

"त्या घरातल्या. ही रानातली. रात्रभर किडे वेचते, वाळवी खाते. हिच्यावर साप जगतो, घुबड जगतं. पडलेलं झाडही तुम्ही न्यायचं, मग हिने अंडी घालायची कुठे? तुमच्या डोक्यावर?"

मुकादमाने नकळत टोपी चाचपली.

साल उचलून पाहिली तर ओढताना निम्मी अंडी चिरडलेली. आतली पिल्लं अगदी बाहेर पडायच्या बेतात होती. नणंदेने वाकून, नाक मुरडत, पण नीट पाहिलं.

"वहिनी, ह्या बाजूची धड आहेत गं."

"तेवढा तुकडा कापून देतो," मुकादम म्हणाला.

"करवतीच्या हादऱ्याने तीही फुटतील. अख्खं खोड परत न्यायचं. उचलून. आणि उलटं होता कामा नये."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण मटकन खाली बसला.

"अहो, उचला," नणंद म्हणाली. "नाहीतर ही पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगेल."

ते ऐकून बसलेलाही उठला.