मनगटपट्ट्यासोबतचा कागद

इग्नाझचे मनगटपट्टे परीक्षेत पास झाले आणि तरीही लटकले. तिरोलच्या त्या डोंगराळ गावात खोगिरं शिवणारा हा माणूस गेली वीस वर्षं स्नोबोर्डवाल्या पोरांसाठी चामड्याचे मनगटपट्टे करत होता. आता नवं मानक आलं होतं. शिक्का नसलेला पट्टा स्नोबोर्ड शाळेला चालणार नव्हता आणि शाळा तर शनिवारी उघडत होती. शाळा चालवायची त्याचीच मुलगी, व्रोनी. लेकीच्या शाळेत पोरांच्या हातात दुसऱ्या कुणाचे पट्टे जावेत, हे त्याला मुळीच खपणारं नव्हतं.

"नकली हात आपटून पाहिला, मनगट किती मागे वाकतं तेही मोजलं. सगळं उत्तम," इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेतून आलेले इंजिनिअर प्लाट्सर म्हणाले. "पण माहितीपत्रक कुठाय?"

"कसलं पत्रक?"

"वापरणाऱ्यासाठी सूचना. त्याशिवाय शिक्का नाही."

"इंजिनिअरसाहेब, पट्टा घालायचा नि पडायचं. यात सूचना कसल्या डोंबलाच्या?"

"तेच लिहून द्या."

सही सोडून इग्नाझनं चाळीस वर्षांत काही लिहिलं नव्हतं. त्याची बायको बुर्गी मात्र हुशार. तिनं नवऱ्याच्या हातात पेन कोंबलं आणि साहेबांपुढे सफरचंदाचा गरम स्ट्रूडल ठेवला. आता साहेब लवकर हलत नव्हते.

घाम पुसत इग्नाझनं लिहिलं: १. पट्टा घाला. २. पडा. ३. उठा.

"उठण्याची हमी आपल्याला देता येत नाही," साहेब म्हणाले. "तीन नंबर काढा. आणि धोक्याचा इशारा हवा."

इग्नाझनं तीनवर काट मारली नि चिडून खाली खरडलं: ४. पट्टा घातला म्हणून अक्कल येत नाही.

साहेबांनी घास गिळला. "मानकात हेच आहे. फक्त सहा ओळींत. आता शेवटचं, उद्देश. हा पट्टा का बनवला?"

इग्नाझनं पेन खाली ठेवलं. बुर्गी उगाचच चुलीकडे वळली. मग त्यानं पेन पुन्हा उचललं, चार ओळी लिहिल्या आणि कागद पुढे सरकवला. साहेबांनी त्या वाचल्या, उरलेला स्ट्रूडल तसाच ठेवला आणि शिक्का मारला. चुकलेले आकडे सुधारायचं त्यांच्याही ध्यानात राहिलं नाही.

शनिवारी सकाळी व्रोनी छापून आलेलं पत्रक घेऊन तरातरा दुकानात आली. इग्नाझनं मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला, पण तो काही केल्या ओवला जाईना. तिनं काय वाचलंय हे त्याला पाठ होतं.

उद्देश: माझी मुलगी नऊ वर्षांची असताना पडली. पडल्यानं हात घट्ट होतात, असं मी म्हणालो आणि दोन दिवस तिला डॉक्टरकडे नेलं नाही. तिचा डावा तळहात अजून पुरता वर वळत नाही. म्हणून.

"पपा, यात चूक आहे."

"असेल," तो पुटपुटला. "त्याहून बरं मला लिहिता आलं नाही."

"ते नाही हो. दोनवरून एकदम चार? पडल्यावर पोरांनी करायचं काय, तिथंच लोळत राहायचं?"

"साहेब म्हणाले, उठण्याची हमी देता येत नाही."

व्रोनीनं टेबलावरचं पेन उचललं. आखडलेल्या डाव्या हातानं कागद दाबून धरला आणि दोन आणि चारच्या मध्ये लिहिलं: ३. उठा.

"मी देते," ती म्हणाली.